येथे वस्ती नाही

आमच्या घराण्यात दमलेली माणसं पुष्कळ. शेतात दमलेली, कोर्टात दमलेली, पोरींची लग्नं जमवता जमवता दमलेली. पण आप्पांसारखं दमलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. बाकीचे दिवसभर काम करून दमायचे, आप्पा सकाळी उठायचे तेच दमून. चेहरा असा की समोरच्यालाच वाटावं, आपण जरा टेकावं कुठंतरी.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत स्टोअरकीपर. मूळ गाव खानापूरच्या अंगाला, भाताचं. नोकरीपायी त्यांनी वडगावात विणकरांच्या गल्लीत घर बांधलं. दिवसभर दोन्ही बाजूंनी मागांची खटखट. वास्तुशांतीचे पाहुणे जेवले, आणि त्यातले काही गेलेच नाहीत. त्या दिवसापासून ते घर आप्पांचं असं राहिलं नाही.

आमच्याकडं ‘वस्तीला जाणं’ म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला जाणं. गावात रात्री येऊन थांबते ती वस्तीची गाडी. ती निदान पहाटे निघते तरी. माणसांचं तसं नसतं. दवाखाना बेळगावात, कोर्ट बेळगावात, कॉलेज बेळगावात, लग्नाचा बस्ता बेळगावात, आणि बेळगावात कोण? आप्पा. मी स्वतः डिप्लोमाच्या ॲडमिशनसाठी एका रात्रीच्या वस्तीला म्हणून गेलो होतो. निघालो तेव्हा हातात डिप्लोमा होता, खिशात नोकरी होती आणि अंगाला हळद लागलेली होती.

त्या घरात एक पलंग होता. शिसवी, चांगला रुंद, आप्पांच्या लग्नातला. पण मी पाहिला तेव्हा त्यावर कायम दुसरंच कुणीतरी असायचं. बाळंतीण, गुडघे धरलेली म्हातारी, तारखेला आलेला वादी. एकदा तर वादी आणि प्रतिवादी दोघंही होते, कारण दोघंही आमच्याच भावकीतले. आप्पा झोपायचे स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांच्यामधल्या उंबऱ्यापाशी. पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण त्यांना ओलांडून जायचा. “आप्पा, लागलं न्हाय न्हवं?” असं विचारून त्यांना पुरतं जागं करायचा. आप्पा म्हणायचे, “न्हाय, जा तू.” त्यांच्या तोंडी ‘न्हाय’ एवढ्याच कामाला यायचं.

झोपेची कसर ते फौंड्रीत भरून काढायचे. जेवणाच्या सुट्टीत मोल्डिंगच्या वाळूच्या ढिगावर जाऊन आडवे व्हायचे. म्हणायचे, “वाळूसारखा जोडीदार न्हाय बघ. कूस बदलत न्हाय, घोरत न्हाय, खानापूरच्या गाडीनं येत न्हाय.” टूथब्रश शर्टाच्या खिशात पेनाशेजारी. घरच्या मोरीत नंबर लागायचा नाही, म्हणून दात घासायचे ते कंपनीच्या नळावर. एकदा सायबासमोर सही करायला त्यांनी खिशातनं ब्रशच काढला होता.

पाहुण्याला त्यांनी कधी ‘का आलास’ विचारलं नाही. दारात चपला काढणाऱ्याला ते फार मऊ आवाजात एकच विचारायचे, “परतीची गाडी कितीची?” त्यांना वाटायचं, आपण लई कडक बोललो. पाहुण्याला वाटायचं, आप्पांना केवढी काळजी! “बघू की उद्या-परवा,” म्हणत तो आत यायचा. आप्पांना खानापूर, बेळगुंदी, निपाणी, सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, आणि त्या पाठांतराचा कुणालाही, कधीही उपयोग झाला नाही.

काकू गेल्या, मुलगी निपाणीला दिली, आप्पा रिटायर झाले. त्यानंतरच्या एका रविवारी भरल्या घरात, माणसं जेवत असताना, ते उभं राहून म्हणाले, “मी फ्लॅट घेतोय. गावात मधोमध. एका बेडरूमचा.”

सगळ्यांचे घास हातात राहिले. आक्का, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, खानापूरहून डोळे दाखवायला आली होती. कधीपासून, ते कुणालाच आठवत नव्हतं. ती म्हणाली, “आरं, एवढं घर असताना? आनि ह्या घराचं काय?”

“ह्ये तुमचंच हाय की. ऱ्हावा. मला तेवढं काढा ह्यातनं.”

“एकच बेडरूम? दोनचा तरी घे. कोण आलं-गेलं तर?”

“तेच तर म्हणतोय मी.”

जगात यजमानानं पाहुण्यांना घालवल्याच्या गोष्टी असतील. पाहुण्यांना घर देऊन यजमानच निघाला, हे आमच्याकडं पहिल्यांदा झालं.

फ्लॅट बघायला मला जुंपण्यात आलं. कारण माझ्याकडं मोटरसायकल होती आणि नाही म्हणण्याची ताकद नव्हती. ही दुसरी गोष्ट आमच्या रक्तातच आहे. एजंट मिळाला तो पांढऱ्या शर्टातला, कानाला कायम फोन. पहिल्याच दिवशी म्हणाला, “सर, वन बीएचके कशाला? थोडं पुढं सरका, टू बीएचके घ्या. पै-पाहुणे आले तर मास्टर बेडरूम त्यांना—” आप्पा उठले आणि चालू लागले. एजंट माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं की बाबा, या माणसापुढं पाहुणा शब्द काढू नकोस. तो म्हणाला, “बरं, मग काय बोलू?” मी म्हटलं, “जागा किती कमी आहे तेवढंच सांग.”

तेव्हापासून तो बिचारा उलटी विक्री करायला शिकला. “सर, हॉल अगदी छोटा आहे. चार माणसं बसली की पाचव्याला उभं राहावं लागतं.” आप्पा मान डोलवायचे. एके ठिकाणी मात्र जुन्या सवयीनं तो बोलून गेला, “इथं सोफा-कम-बेड मस्त बसतोय.”

“बसू दे,” आप्पा म्हणाले, “झोपायला नको.”

एका नव्या बिल्डिंगमध्ये दाराबाहेर बटणाशी कॅमेरा होता आणि आत भिंतीवर छोटा पडदा. आप्पांनी तो बराच वेळ निरखला.

“म्हंजे भाईर कोण आलंय ते आतनं दिसतंय?”

“होय सर.”

“आनि आत आपण हाय, ते त्यास्नी दिसत न्हाय?”

“नाही सर.”

आप्पांनी त्या पडद्यावरनं हात फिरवला. नातवाच्या डोक्यावरनं फिरवावा तसा.

त्यांची फ्लॅट पारखायची रीत वेगळीच होती. नळ बघायचे नाहीत, फरशा ठोकून बघायच्या नाहीत. सरळ बेडरूममध्ये जायचे, पंचा अंथरून उघड्या फरशीवर उताणे पडायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही बाहेर उभे. काही वेळानं निकाल लागायचा. “वरच्या मजल्यावर मिक्सर हाय.” “शेजारी पोरगं तबला शिकतंय.” “हितं झोप येत न्हाय, पर का ते सांगता येत न्हाय.” असे किती रविवार गेले, ते मोजायचा मला आता कंटाळा येतो. मी बायकोला म्हणायचो, माझा एकुलता एक सुट्टीचा दिवस दुसऱ्याची झोप शोधण्यात जातोय. बायको म्हणायची, “त्यांची झोप गेली कुणामुळं?” मग मी मुकाट्यानं मोटरसायकलला किक मारायचो.

गणपत गल्लीच्या मागच्या बाजूला एक चारमजली बिल्डिंग पुरी होत आली होती. तिसऱ्या मजल्यावर शेवटचा वन बीएचके उरला होता. लिफ्ट अजून सुरू नव्हती. आम्ही धापा टाकत वर गेलो. आप्पा नेहमीप्रमाणं आत जाऊन पडले. आम्ही दोघं बाल्कनीत रंगाच्या डब्यांवर बसलो. खाली बाजार नुसता उकळत होता. भाजीवाल्यांचे ओरडे, रिक्षांचे हॉर्न. मी म्हटलं, झालं, हाही गेला. पण आतनं हाक येईना. डोकावून बघतो तर आप्पा गाढ झोपलेले. छातीवर हात, तोंड किंचित उघडं. चेहऱ्यावर काही म्हणून काही नव्हतं.

“उठवू?” एजंटानं विचारलं.

“उठवलंस तर दलाली विसर,” मी म्हटलं.

तेवढ्यात खाली एक जोडपं आलं. कोल्हापूरचं. लेकाची बदली इकडं झालेली, म्हणून तोच फ्लॅट बघायला. त्यांनी वॉचमनला विचारलं, “फ्लॅटवाले कुठं आहेत हो?” वॉचमन म्हैसूरकडचा. आमच्या भागातला असता तर ‘म्याल’ म्हणाला असता आणि पुढचं टळलं असतं. यानं बोट वर करून शुद्ध कानडीत सांगितलं, “मेले. मेले इद्दारे.” कानडीत ‘वर आहेत’.

“मेले?” त्या बाईंनी विचारलं.

“हां, हां. मेले,” तो म्हणाला, आणि परत आभाळाकडं बोट केलं.

जोडपं बिचकतच वर चढलं. दार उघडं, हॉल रिकामा. बाईंनी बेडरूममध्ये पाऊल टाकलं आणि जी किंकाळी फोडली, तिनं खालचा बाजारसुद्धा क्षणभर गप्प झाला असावा. “अहो, खरंच की हो! इथंच ठेवलंय!” नवरा बायकोचा हात धरून जिना उतरतानाचा आवाज आम्ही ऐकला. अडवायला धावलो तोवर त्यांची गाडी गल्लीच्या बाहेर पडली होती.

आप्पा उठून बसले. “कोण मेलं रं?”

“तुमी.” मी वॉचमनकडनं कळलेली सगळी हकीकत सांगितली.

आप्पा असे हसले की त्यांना हसताना आपण आधी कधी बघितलंय का, हे मी आठवत राहिलो. डोळे पुसत म्हणाले, “वॉचमनचं खरं हाय की. वर ऱ्हायला गेला त्यो मेलेच. ह्योच फ्लॅट घेऊया. मेलेल्याकडं कोण वस्तीला येत न्हाय.”

असा तो फ्लॅट झाला. सामान काय, एक लोखंडी पलंग, एक खुर्ची, एक कुकर, आणि हट्टानं बसवून घेतलेला तसलाच दाराचा कॅमेरा आणि पडदा. खुर्ची एकच का, हे मी विचारलं नाही. पण आप्पांचा अजून भरवसा बसला नव्हता. म्हणाले, दारावर पाटी पाहिजे. खडेबाजारात गाड्यांचे नंबर रंगवणारा एक पेंटर आहे, त्याच्याकडनं पाटी करून घेतली. वर मराठीत, ‘येथे वस्ती नाही’. पेंटर म्हणाला, खाली कानडी नसेल तर उगीच कुणीतरी कटकट करील. म्हणून त्यानंच खाली कानडीत तेच रंगवलं, ‘वसति इल्ल’.

आता गंमत अशी की, मराठी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागायचा, इथं कुणी राहत नाही. गॅसवाला सिलिंडर घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत आला, पाटी वाचली आणि शिव्या देत परत गेला. पोस्टमननं मुलीचं पत्र निपाणीला परत धाडलं. ती तिकडं रडायला लागली. आणि कानडी वाचणाऱ्याला? वसति म्हणजे लॉजिंग. त्याला वाटायचं, हे लॉज आहे आणि आज भरलंय. मग तो बेल दाबून अदबीनं विचारायचा, सार, रूम कधी रिकामी होईल? आयुष्यभर ओळखीच्या माणसांना चुकवायला धडपडलेले आप्पा आता भिंतीवरच्या पडद्यावर अनोळखी माणसं बघत बसायचे. हातात बॅगा घेतलेली, दमलेली, प्रवासातनं आलेली.

मी म्हटलं, “आप्पा, काढून टाकूया ती पाटी.”

“का? पाटी बराबर हाय. वाचणाऱ्यांचं चुकतंय.” पण गॅस हवाच होता. म्हणून पेंटरला परत बोलावून मधल्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली. आता पाटी अशी झाली: ‘येथे वस्ती नाही. मालक आत राहतात.’ ती वाचून शहाणी माणसं जिन्यातच थबकायची आणि विचार करत खाली उतरायची.

सगळे म्हणाले, महिना काढेल म्हातारा. भिंती खायला उठतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण सांगायला हरकत नाही, आप्पांना एकटं राहणं सोसलं. नुसतं सोसलं नाही, मानवलं. गालांवर मांस आलं. दुपारी बेडरूमचं दार लावून, आतनं कडी घालून झोपायचे. संध्याकाळी बाजारात एक चक्कर, मोजकी भाजी, कुणाशी मोजकं बोलणं. “काय आप्पा, करमतंय काय?” असं मी विचारलं तर म्हणाले, “करमायचं काय असतंय रं? शांत हाय.” वडगावच्या घरात मात्र यजमान गेल्यावर पाहुण्यांचं मन रमेना. वस्तीचा मान आपोआप अनगोळला, माझ्याकडं सरकला. सध्या मी हॉलमध्ये चपलांच्या रॅकशेजारी झोपतो. हे लिहितोय तेही तिथंच बसून. म्हणून अक्षर जरा वाकडं आहे.

घरात आप्पांबद्दल बोललं जायचं ते जरा दुखऱ्या सुरात. पोरांना शिकवलं, बाळंतपणं केली, आणि शेवटी दार लावलं.  आक्का नुसता पदर नीट करायची, बस.

मग आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी रोज संध्याकाळी डोळ्यात थेंब घालायला जायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेलो तर हॉल भरलेला. आक्का, बाळूमामा, दोघी चुलत्या, सुना, एक तान्हं पोर. खानापूरहून सकाळीच विचारपूस करायला आलेले, चारच्या गाडीनं परत जाणार होते. पण दुपारनंतर कशावरनं तरी बंद झाला. दुकानांची शटर पडली, गाड्या थांबल्या, रिक्षा गायब. आमच्या गावाला हे नवं नाही. पण वडगाव लांब, अनगोळ त्याहून लांब, आणि आक्काचे गुडघे असे की तिसरा मजला चढल्यावर अजून बंदच असलेल्या लिफ्टला दोन शिव्या देऊन ती जी टेकली, ती उठलीच नव्हती. ज्याला पळून येऊन एक खोली मिळाली होती त्या माणसाच्या दारात अख्खी भावकी अडकली होती, आणि हे प्रत्येकाला कळत होतं.  मी कुकरला खिचडी लावली. एकाच खुर्चीवर कुणीच बसेना, सगळे खाली.

जेवणं झाली. आप्पा उठले, बेडरूममध्ये गेले. मला वाटलं, आता कडी वाजणार. पण ते परत बाहेर आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, काखेत उशी, खांद्यावर पांघरूण. कुणाकडं न बघता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडं चालू लागले. “बायका आत झोपू देत,” म्हणाले. “पलंगावर आक्का.”

त्यांनी ठरवून केलं नव्हतं. पायांनीच केलं. 

“थांब,” आक्का म्हणाली. “कुटं निघालास?”

“हितंच. मला चालतंय.”

“मला न्हाय चालत. आत जा.”

“आगं, तुजं गुडघं—”

“माजं गुडघं माज्यासंगं आल्यात. तुज्या पलंगावर न्हाय आलेलं. आनि आमी काय वस्तीला आलाव व्हय? पाटी वाचल्या मी. आमी बसणार हाय. बसलेल्याला वस्ती म्हणत न्हाईत.” ती भिंतीला पाठ लावून ताठ झाली. बाकीचेही मग सरसावून बसले, जणू कीर्तनाला आलेत. “जा म्हंते न्हवं? कडी घालून घे.”

आप्पा तिथंच उशी धरून उभे. साठी उलटलेला माणूस, पण शाळेतनं घरी पाठवलेल्या पोरासारखा. मग वळले. दार लागलं. थोड्या वेळानं, अगदी हळू, कडी लागली.

आता एक सांगायचं राहिलं. त्या फ्लॅटला संडास-बाथरूम एकच, आणि ते बेडरूमच्या आत. बिल्डरचा घोळ. म्हणून तर तो फ्लॅट मागं उरला होता. हे आम्हाला सगळ्यांना कडी लागल्यावर आठवलं.

कुणी दार वाजवलं नाही. बाळूमामाला साखर आहे, तो बाल्कनीत फेऱ्या घालत होता. सुनेनं पोराचं दुपटं बदललं ते कपबश्या धुवायच्या ओट्यावर. एक चुलती म्हणाली, “आक्का, वाजवू काय हळूच?” आक्कानं नुसतं बघितलं. फटफटायच्या आत, बंद संपलाय की नाही याचीही खात्री न करता, सगळी खाली उतरली आणि मोकळ्या रस्त्यानं बस स्टँडवरच्या संडासाच्या दिशेनं निघाली. आक्का मधे, दोन सुनांच्या खांद्यावर. बाळूमामा लई पुढं.

आप्पा उठले तेव्हा उन्हं हॉलमध्ये आली होती. कुणी नव्हतं. केर काढलेला होता, भांडी पालथी घातलेली होती.

“गेली?”

“गेली.”

“च्या?”

“न्हाय घेतला.”

“आनि तोंडबिंड?” ते बोलता बोलता थांबले आणि मागं वळून बाथरूमच्या दाराकडं बघू लागले. “कुटं गेलती सगळी?”

“स्टँडवर.”

“रातभर?”

“रातभर न्हाय गेली. पहाटं गेली.”

“बाळूला साखर हाय.”

“माहीत हाय आमाला. सगळ्यांनी बघितलं.”

आप्पा खुर्चीवर बसले. उघड्या डोळ्यातनं पाणी येत होतं, आणि पट्टीखालनंही. डॉक्टरनी सांगितलं होतं, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. मी टॉवेल पुढं केला. त्यांनी तो नुसता हातात धरला. खालच्या बाजारात दुकानांची शटर वर जात होती.

“चुकलंच माजं,” आप्पा म्हणाले. मला वाटलं, आता म्हणतील, दोन बेडरूमचा घ्यायला पाहिजे होता.

“फ्लॅट स्टँडच्या शेजारी बघाय पायजे हुता.”